लिंबू मात्र ठेवणार

रूपेशदादा,

लहानपणच्या आठवणींची माझी पानं तू वाचलीस. मिरकरवाडा बंदराचं वर्णन झकास जमलंय म्हणालास. जाळी, बर्फ, लिलावाचा गलका, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. फक्त 'मला आईची लाज वाटली' हे एक वाक्य काढ, लोक काय म्हणतील, असंही म्हणालास.

नाही काढणार.

खरं सांगू? बंदराची ती नऊ पानं मी त्या वाक्यापाशी पोचायला नको म्हणूनच लिहिली. बर्फाबद्दल लिहिणं सोपं असतं.

पाचवीत असताना आई मासळी विकून, हातांचा वास जावा म्हणून लिंबाने ते घासून, ठेवणीतलं पातळ नेसून शाळेत आली. बाईंनी विचारलं, "संध्या, ह्या कोण तुझ्या?" मी म्हटलं, "शेजारीण." आई दारातच उभी होती. तिने ऐकलं आणि हसून म्हणाली, "होय बाई, बाजूलाच ऱ्हातो आमी. हिची आई कामाला गेलीय."

त्या दिवशी मी रडले नव्हते, तर आता पानभर रडून दाखवणार नाही. पण लाज वाटली होती, आणि त्या लाजेचीच आज लाज वाटते, एवढं लिहिणारच. कापायचीच तर बंदराची पानं कापीन. लिंबू मात्र ठेवणार.

आणि तू आईला शाळेच्या फाटकाबाहेरच थांबवायचास, ते मी लिहिलेलं नाही. ते तुझं तू लिही.

हे पत्र पाठवत नाही. पुस्तक छापून आलं की तेच पाठवीन.

सत्यवतीची मुलगी,
संध्या