वसंताचा अंदाज, वाहन गाढव

शनिवार, १ मार्च
आजपासून ब्रॅकनेलचे हवामान माझ्याकडे. एकेकाळी साऱ्या ब्रिटनचे हवामान खाते याच गावात होते, मग ते एक्सेटरला गेले. खाते गेले, हवा इथेच राहिली. तिच्याकडे कुणी पाहायला नको?
रोज सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंदाज टाकणार. पाऊस, हिम, वारा. विभाग: बर्कशर आणि लगतचा परिसर. पद्धत शास्त्रीय. पंचांग, माझे अफाट वाचन आणि बागेत पाच मिनिटे उभे राहणे.
पंचांगात पावसाची वाहने मृगापासून पुढची असतात. मार्चला वाहनच नाही. ही उणीव मी भरून काढली. या वसंताला गाढव दिले. गाढव म्हणजे पाऊस कमी, वारा मंद.
मधुमतीने विचारले, गाढवावर बसलंय कोण? बायकोशी शास्त्रावर बोलू नये.

मंगळवार, ४ मार्च
अंदाज: स्वच्छ ऊन.
दुपारी गारा. काचेच्या कंझर्व्हेटरीवर जमावाने दगडफेक करावी तसा आवाज. शेजारच्या कीथची रोपे जागीच ठार.
खुलासा टाकला: गारा म्हणजे पाऊस नव्हे आणि हिमही नव्हे. त्यामुळे अंदाज चुकलेला नाही.
लगेच सतीशने अधिकृत ॲपचा स्क्रीनशॉट टाकला. त्यात गारा होत्या. हा मुलगा तीन वर्षांपूर्वी पुण्याहून वर्क व्हिसावर आला, मंडळाचा सेक्रेटरी झाला, मला काका म्हणतो. याचा एकदा निकाल लावावा लागेल.

रविवार, ९ मार्च
कमिटीची मीटिंग. पाडवा यंदा तीस तारखेला, रविवारी. शाळेचा हॉल बुक होता. मी उभा राहिलो. म्हणालो, गुढी हा विजयाचा ध्वज आहे! तो काय फायर एक्झिटच्या पाटीखाली उभारायचा? ज्यांनी उघड्या माळावर सत्ता उलथून टाकल्या त्यांचे वंशज आज सेंट्रल हीटिंगला शरण जाणार? टेबलावर मूठ आपटली. चहा सतीशच्या लॅपटॉपवर.
सतीश म्हणाला, काका, हवामान खात्याच्या महिनाअखेरच्या आउटलुकमध्ये गार वारा आहे, बर्फही पडू शकतो. मी म्हणालो, भित्र्याला रोजच वादळ दिसते.
हॉल कॅन्सल. चर्चच्या बाजूचे मैदान, वीस फुटी बांबू. त्याच आवेशात जाहीर केले की गुढीला माझ्या सासूबाईंची येवल्याची पैठणी नेसवू. टाळ्या! फक्त सतीशच्या बायकोने, सुलक्षणाने, वाजवल्या नाहीत. ती मधुमतीकडे बघत होती.

सोमवार, १० मार्च
मधुमती म्हणाली, ती आईची शेवटची वस्तू आहे. मे महिन्यात आपली अन्वी ती नेसून लग्नाला उभी राहणार आहे. तुमच्या बांबूवर ती चढणार नाही.
म्हटले, अगं, एक तास. मी शब्द दिलाय.
ती म्हणाली, शब्द तुमचा, साडी माझी.
रिसायकलिंगच्या पेटीला लाथ घातली. पेटी भरलेली होती. अंगठा काळानिळा.
मग केंब्रिजहून लेकीचा फोन. बाबा, साडी फाटला तर मी लग्नात तुमच्याशी बोलणार नाही. मी दुरुस्त केले, साडी फाटली. ती म्हणाली, बघा, तुम्हाला पण माहिती आहे ती फाटणार! फोन आपटावा म्हटले, पण हल्लीचे फोन आपटता येत नाहीत.

शनिवार, १५ मार्च
अंदाज: मंद झुळूक.
कुंपणाच्या फळ्या मुळापासून उपटून वाऱ्याने भोसकल्यासारख्या झुडपात घुसवल्या. कीथचे कचऱ्याचे व्हीली बिन रस्ताभर धावत आले आणि थेट माझ्या गाडीच्या दारावर आदळले. खुलासा: झुळूक मंदच होती, कुंपण कुजके होते. बिनचा हवामानाशी संबंध नाही. ते कीथचे.
मधुमती या धुमाकुळात केंब्रिजला गेली, लेकीकडे. मोठी बॅग घेऊन. सोडून गेली की काय, असा क्षुद्र विचार मनात आला नाही. फार वेळ.

रविवार, १६ मार्च
परतली. वाटेत लंडनच्या एजवेअरला उतरून श्रीखंड, गाठी आणि पुष्कळ काही आणले. प्रसन्न. कपाटातून घडी काढून स्वतः माझ्या हातात ठेवली. म्हणाली, घ्या तुमच्या गुढीला पैठणी. मिरवा.
वक्तृत्वाचा विजय! सत्यापुढे घरसुद्धा झुकते. गुढीच्या भाषणात पैठणीवर दहा मिनिटे वाढवली.

बुधवार, २६ मार्च
रविवारसाठी हवामान खात्याची यलो वॉर्निंग. वारा, पाऊस, बर्फ. इशाऱ्याच्या विभागात आम्हीही.
माझा अंदाज: यांपैकी काहीही नाही.
सतीश घरी आला. काका, लहान मुलं असणार आहेत हो. चर्चचा हॉल रिकामा आहे, तिथल्या व्हिकरबाईंशी बोलून ठेवू का? मी म्हणालो, ठेवशील तर मंडळात राहणार नाहीस. गेल्यावर त्याला ग्रुपमधून काढून टाकले. ॲडमिन मी आहे.
बागेत पाच मिनिटे उभा राहिलो. टोपी उडाली. मिळाली नाही.

रविवार, ३० मार्च, पाडवा
डाव्या हाताने लिहितो आहे. उजव्याने कपाळावर बर्फ धरला आहे. बर्फ विकत आणावा लागला नाही.
सकाळी ऊन होते. हे नोंदवून ठेवतो. ऊन होते!
गुढी उभी राहिली. वीस फूट. त्यावर ती मोरपंखी पैठणी, पदरावर मोर, शेंड्याला तांब्याचा तांब्या. मी माइक घेतला. म्हणालो, बंधुभगिनींनो, येवल्याचा विणकर महिनोन्महिने मागावर बसतो तेव्हा असा एक पदर उतरतो. अस्सल पैठणी उलटी-सुलटी एकसारखी! पाहा! त्याच क्षणी वाऱ्याने पदर उलटा केला. बायका तोंडाला पदर लावून थरथरू लागल्या. भावना अनावर झाल्या होत्या.
मग आभाळ काळे पडले. आधी पाऊस, सुईसारखा आडवा. मग बर्फ. मग वाऱ्याने पिसाळल्यासारखी धडक दिली. तंबू कोलमडला, खुर्च्या एकमेकींवर तुटून पडल्या, गाठीची माळ तुटून साखर गोळीबारासारखी सुटली. मुले ती वेचून खात होती. मी माइक सोडला नाही. म्हणालो, हा वारा आपली परीक्षा...
तेव्हा ट्रॅम्पोलिन आले. कुणाच्या तरी बागेतून, कुंपणावरून, चक्रासारखे फिरत. बांबू मधोमध मोडला. तांब्या माझ्या कपाळावर. पैठणी मात्र उठली, फुलली, चर्चवर गेली आणि मनोऱ्यावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्याला गच्च गुंडाळली. कोंबडा फिरायचा थांबला.
लोक चर्चच्या हॉलमध्ये पळाले. हॉल गरम होता, चहा तयार, खुर्च्या मांडलेल्या. योगायोग. दारात सतीश उभा होता, लहान मुलांची डोकी पुसत.
मधुमतीने माझ्या कपाळाला रुमाल बांधला. जास्त साखर घातलेला चहा हातात दिला. तेच सहन होत नाही.

सोमवार, ३१ मार्च
आज अंदाज टाकला नाही. खिडकीतून मनोरा दिसतो. कोंबड्याला साडी तशीच. वारा तिला फाडतो आहे आणि मी बघतो आहे. शिडी काढली. मधुमतीने ती गॅरेजमध्ये ठेवून कुलूप लावले. म्हणाली, डोकं एकदाच फुटलेलं बरं.
अन्वीला फोन केला. म्हटले, बाळा, साडी गेली. मी घालवली. पलीकडून हुंदके. फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज, पुन्हा हुंदके. मग म्हणाली, बाबा, तुमचा डोकं कशी आहे? दुरुस्त केले नाही.
लग्नात मला बोलावतील, पण कुठे बसवतील माहीत नाही.

शनिवार, ५ एप्रिल
व्हिकरबाई आल्या. मनोऱ्यावर चढणाऱ्या माणसाने साडी सोडवून दिली होती. बाईंनी ती धुऊन, इस्त्री करून, कॅरियर बॅगमधून आणली. म्हणाल्या, धुताना जरा भीती वाटली, पण लेबलवर सगळं लिहिलेलं होतं.
लेबल.
मी चष्मा लावला. शंभर टक्के पॉलिएस्टर. मशीन वॉश, चाळीस डिग्री. एजवेअरच्या दुकानाचे नाव. एक टाका उसवलेला नाही. उलट्या बाजूला दोऱ्यांचे जंगल.
मधुमतीने सांगितले, खरी पैठणी पंधरा मार्चपासून केंब्रिजला, अन्वीच्या कपाटात आहे.
मधुमतीला विचारले, मैदानातल्या बायकांना कळले होते का? ती म्हणाली, तुम्ही माझ्या आईच्या विणकराबद्दल बोलत होतात ना, तेव्हा सुलक्षणाने माझा हात इतका आवळला की अजून दुखतोय. म्हटले, मला सांगायचे तरी. ती म्हणाली, ऐकलं असतंत?
मग विचारले, वादळ येणार हे तुला कसे कळले? म्हणाली, हवेतलं मला काही कळत नाही हो. तुमच्यातलं कळतं.
बाहेर आभाळ होते. बागेत गेलो नाही.
उद्या केंब्रिजला जायचे आहे, लग्नाच्या तयारीला. मधुमतीने विचारले, छत्री घेऊ का?
सतीशला ग्रुपमध्ये परत घेतले आणि विचारले.
त्याचे उत्तर लगेच आले. घ्या, काका. दोन घ्या.