ॲडव्हर्ब स्वयंपाकघरातून

ताई,

वरण तयार आहे, भात तुझ्या नशिबात. अण्णांच्या गोळ्या आणायला आबिड्सला जातोय.

अण्णा आज चालले! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पलंग सोडायलाच ‘नक्को’ म्हणणारे आपले अण्णा. फिजिओथेरपिस्टने हात टेकले, म्हणून मी त्यांचीच जुनी इंग्रजीची शिकवणी काढली. अण्णा व्हर्ब देऊन ‘हाउ?’ विचारायचे, आई स्वयंपाकघरातून ॲडव्हर्ब फेकायची आणि काचीगुड्यातली अर्धी पोरं आपल्या बैठकीत तसं करून दाखवायची. मला एकदा ‘स्लीप’वर ‘ब्रेव्हली’ मिळालं होतं. मी छाती फुगवून घोरलो होतो. तुला ‘ईट’वर ‘हॅपिली’ आलं आणि तू ढसाढसा रडलीस, कारण भजं मिरचीचं होतं.

तर सकाळी वॉकर पुढ्यात ठेवून मी म्हणालो, “वॉक.”

अण्णा सवयीने म्हणाले, “हाउ?” आणि बघितलं स्वयंपाकघराकडे.

मी समोर उभं राहून ‘स्लोली’ म्हटलं, ‘केअरफुली’ म्हटलं. ढिम्म हलले नाहीत. शेवटी आत जाऊन गॅसपाशी उभा राहिलो आणि तिथून ओरडलो, “प्राउडली!” तर हे नवाबासारखे मान ताठ करून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले.

संध्याकाळची फेरी तुझी. ओरडताना बाहेर डोकावू नकोस. आई कधी डोकावायची नाही, तव्यावर पोळी असायची. ते दारापर्यंत येतील आणि आत न बघताच वळतील. तेव्हा हाक मारू नकोस, वळू दे.

कुलदीप