दुकान आणि स्प्रे गन रूपालीची

मी, आकाराम भाऊसो धनवडे, वय ६६, धंदा लाकडाला लॅकर मारणे, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. उभा जन्म थिनरच्या वासात गेला, तरी डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझी पत्नी यल्लव्वा हिची. तिच्या हयातीत तिला कोणीही घराबाहेर काढू नये. तिच्यामागे घर मुलगा अतुल व मुलगी रूपाली यांना समान.

२. माझा पूर्वीचा भागीदार केरबा चौगुले याच्याशी माझे बरीच वर्षे बोलणे नव्हते. १९९५ च्या पावसाळ्यात गडहिंग्लजच्या एका लग्नाचे कपाट आमच्याकडे होते. हवा ओली असताना लॅकर मारला की तो दुधासारखा पांढरा पडतो, म्हणून मी थांबायला सांगितले होते. मी जेवायला गेलो आणि केरबाने लॅकरचा हात मारून टाकला. कपाट पांढरे पडले. गिऱ्हाइकासमोर तो म्हणाला, "आकारामनं आणलेला थिनरच भेसळीचा हाय." त्याच दिवशी भागी मोडली. त्याने समोरच वेगळे दुकान घातले.

२००१ साली माझ्या दुकानात पंख्याच्या बटणाची ठिणगी उडून थिनरच्या वाफेने पेट घेतला. केरबाच धावत आला. ओले पोते माझ्यावर टाकून त्याने मला ओढत बाहेर काढले. दवाखान्यात उशाशी बसून म्हणाला, "थिनर चांगला हुता तुझा. मीच घाई केलती."

"ठाव हाय मला," मी म्हणालो.

तरी हे भांडण माझ्या वारसांपैकी कोणीही उकरून काढू नये.

३. भाजल्यापासून माझ्या उजव्या हाताची बोटे वळत नाहीत. दुकान विकावे असे अतुलचे मत होते. रूपालीने मात्र कोणाला न विचारता गन हातात घेतली. एकदा मलकापूरचे एक गिऱ्हाईक टेबल घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, मिस्त्री कुठं गेल्यात?"

"मीच हाय की. जरा मागं सरा, अंगावर उडंल."

मी दारात खुर्चीवर बसून ऐकत होतो. दुकान कोणाला द्यायचे ते मी तेव्हाच ठरवले.

सबब दुकानाची जागा, कॉम्प्रेसर व दोन्ही स्प्रे गन एकट्या रूपालीच्या. अट एवढीच, की पंख्याचे बटण बाहेरच्या भिंतीवर असावे आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय तिने काम करू नये. अतुलला हे मी समोर बसवून सांगितले. तो म्हणाला, "तिचंच हाय ते, आप्पा." मला फार बरे वाटले.

४. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. मंडप घालू नये.

५. केरबा या पत्रावर साक्षीदार आहे, म्हणून त्याला काही देऊ नये असे वकिलांचे सांगणे आहे. त्याला तसे कळवले, तेव्हा म्हणाला, "मला काय नगं. फकस्त माझ्या आधी जाऊ नगंस."

याबाबत मी त्याला कोणताही शब्द दिलेला नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

स्थळ: कोल्हापूर
दिनांक: ११ जानेवारी २००४

आकाराम भाऊसो धनवडे
(सही डाव्या हाताने)

आमच्यासमक्ष सही झाली:
१. केरबा दत्तू चौगुले, राजारामपुरी
२. अंबादास गणपती कुरणे, शेजारी