सप्तकिरणचं स्थळ पाहून आले

मु. पो. पिंपळवंडी,
शनिवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

चि. खंडूस तुझ्या आक्काचा तोंडभरून आशीर्वाद. आम्ही सगळे इकडं धडधाकट आहोत, माझा डावा गुडघा तेवढा घरातून वेगळा निघाला आहे असं समज (कुणाचंच ऐकत नाही). तुझा खोकला कसा आहे? द्रौपदाला म्हणावं, अडुळशाचा काढा दे आणि त्यात गूळ टाकताना हात आखडू नको. तिनं पाठवलेली नाचणी पोचली, भाकरी गोड झाली, पण पिशवीत खडे निघाले ते मी मोजले नाहीत. पत्र लिहिते याचा राग मानू नको. फोन केला असता, पण तू फोन घ्यायला टाकीमागच्या टेकाडावर चढणार, "बोल आक्का" म्हणणार, आणि तेवढ्यात रेंज जाणार. मागं मी "येऊ नको" म्हणाले त्यातलं पहिलं अक्षरच तुला ऐकू आलं आणि तू दोन गाड्या बदलून दारात उभा. तेव्हा हे पत्र भीमाशंकरच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते, तळेघरला उतरवून घे.

तू निरोप धाडलास की, सुदर्शन म्हणतो फंडातले दीड लाख सप्तकिरण केबल आणि मीडिया कंपनीच्या शेअरात घाला, वर्षात दुप्पट होतील. आक्का हो म्हणाली तर घालतो, नाहीतर घरावर पत्रे टाकतो. खरं सांगू, मला लई बरं वाटलं. चौथीत दोनदा बसलेल्या बाईला कंपनीबद्दल कोण विचारतं? शेजारच्या साळुबाईला मी तो निरोप तीनदा सांगितला. पण दुसऱ्या बाजूनं जीव कळवळला. आश्रमशाळेच्या चुलीपुढं तू तीस वर्षं पोरांच्या भाकरी थापल्यास, त्याचा हा फंड. मागल्या श्रावणात वाऱ्यानं तुझ्या स्वयंपाकघरावरचे पत्रे उचलून नेले ते कुणाच्या खाचरात पडले कळलंसुद्धा नाही, आणि तुम्ही दोघं अजून ताडपत्रीखाली चूल पेटवता. म्हणून म्हणलं, हे उत्तर उगाच बसल्या जागी द्यायचं नाही.

सुदर्शन गेल्या रविवारी पुण्याहून आला होता. पोरगं गुणी आहे हो, माझाच नातू, येताना माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन आला. पण ओट्यावर बसून त्यानं मोबाईलवर मला सप्तकिरण दाखवली, तर काय, लाल आणि हिरव्या काड्या. ह्यात कंपनी कुठं आहे म्हणलं तर म्हणाला, हीच. काड्या खाली आल्यात म्हणजे ती स्वस्त झाली, आता घ्यायची. मला चीड आली. बेल्ह्याच्या बाजारात दिवस कलला की बैल स्वस्त होतो, तो का? सकाळपासून शंभर जणांनी त्याचे दात बघून त्याला सोडलेला असतो. तर म्हणतो, आजी, शंभर रुपये कमावणारी कंपनी चारशेला मिळते, दुसऱ्या दोन-दोन हजाराला जातात. मी म्हणलं, म्हशीचं आत्ताचं दूध काय, कुणीही बघतो. वेत कितवं ते विचारलंस का? पुढच्या साली किती देणार? ते कुणालाच माहीत नसतं म्हणे. बरं, कर्ज किती? मोठ्या घराला असतंच म्हणे. मालक बघितलास का, ऑफिस बघितलंस का, काम करणारी माणसं कशी आहेत? तर हसला. कंपनी मुंबईत आहे आजी, बघायला कशाला जायचं? म्हणजे बघ खंडू. लेक द्यायची तर आपण सात गावं पालथी घालतो, पोरगा तंबाखू खातो का हे त्याच्या न्हाव्याला विचारतो, आणि दीड लाख द्यायचे ते काड्या बघून.

आणि सप्तकिरण मला अगदीच परकी नाही. आपल्या घरातली तार तिचीच, वीस वर्षांची मी गिऱ्हाईक आहे. दर महिन्याला तीनशेच्या वर रुपये घेतात आणि दोनशे चॅनेल देतात म्हणतात. त्यातली दीडशे कुठल्या मुलखाची भाषा बोलतात ते देवाला ठाऊक. एकावर एक बाई सकाळपासून एकच कढई विकते. दिवाळीपासून विकते आहे, अजून ती कढई गेलेली नाही (मग ह्यांची कमाई कसली?). बातम्या लावाव्या तर आठ चौकोनांत आठ माणसं एकदम ओरडतात, नळावर पाणी यायच्या वेळी बाया तरी आळीपाळीनं भांडतात. माझ्या मालिकेतली सून संक्रांतीपासून दवाखान्यात पडून आहे. तिला काय झालंय ते डॉक्टरलाही सांगता येत नाही, मधल्या जाहिरातींत मात्र सगळी टुणटुणीत. पूर्वी हे बघायला ओसरीवर गर्दी व्हायची. आता नात वैष्णवी सगळं मोबाईलवर बघते, तिचा बाप दादाभाऊ कीर्तन मोबाईलवर ऐकतो, सूनबाई पाककृती मोबाईलवर शिकते (आणि मीठ विसरते). टीव्हीपुढं मी आणि मांजर. म्हणजे आमच्या घरात केबलची दोन गिऱ्हाईकं उरली आणि त्यातलं एक डोळे मिटून बसतं. हे मी सुदर्शनला सांगितलं, तर म्हणाला, आजी, हा अभ्यास नव्हे.

तेव्हा मी ठरवलं, अभ्यास करूनच येते. मुंबईला काही मी जात नाही, पण मोठं घर बघायला मिळत नसेल तर त्यांचे सोयरे बघावेत असं आपली आई म्हणायची. आळेफाट्याला सप्तकिरणची तार घेऊन घराघरांत देणारा एक जण आहे, खाली ऑफिस आणि वर घर (आपल्याकडं पैसे न्यायला त्याचा माणूस येतो, त्याला मी कधी बघितलेलं नाही). गुरुवारी मी आणि साळुबाई निघालो. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसले, कारण पैशाची चौकशी फाटक्या लुगड्यानं केली तर कुणी खरं सांगत नाही. आणि कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून पावशेर पेढे घेतले. ऑफिसला कुलूप होतं. वरून एका बाईनं डोकावून बघितलं, लुगडं बघितलं, पेढ्यांचा पुडा बघितला, आणि म्हणाली, "या की वर, उन्हात कशाला उभ्या?" सखूबाई तिचं नाव, त्या केबलवाल्याची आई. बाई गोड. सतरंजी झटकून घातली, पाणी दिलं. मी म्हणलं, आम्ही जरा चौकशीला आलोय. तर तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, कंपनीला लई दिवसांत कुणी विचारलेलं दिसत नाही.

मी रीतीप्रमाणं विचारत गेले. धंदा किती वर्षांचा? वीस, वडलांपासूनचा. घरं किती? दोन हजार, ओतूरपासून बेल्ह्यापर्यंत. कर्ज? एक पैसा नाही. व्यसन? सुपारीसुद्धा नाही. मी मनात म्हणलं, मालकाच्या सुपारीपर्यंत हिला ठाऊक, म्हणजे कंपनी चांगली पारदर्शक आहे. तोवर कांदेपोहे आले, वर खोबरं. मग चहा. मग ट्रंकेतून एक फोटो आला, त्यात कोट घातलेला पोरगा, आणि फोटोमागून पत्रिका. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही बाई आम्हाला मुलीकडची समजते आहे. मी सावरून घ्यायला तोंड उघडणार, इतक्यात ही आपली साळुबाई, गालात पोहे धरून म्हणते कशी, "आमची वैष्णवी पण बी.कॉम. हाय, पतसंस्थेत कामाला हाय." संपलं. खंडू, त्या बाईशी मी दोन दिवस बोलले नाही. पोहे खायला नेलं होतं तिला, पण ते गिळून बोलावं एवढं तरी.

एवढ्यात तो पोरगाच आला, ऋतिक. मोटारसायकलला आडवी शिडी बांधलेली, हात काळे, गळ्यात तारेचं भेंडोळं. फोटोतला कोट बहुतेक फोटोग्राफरचा असावा. आम्हाला बघून लाजला, खाली वाकून नमस्कार केला. सखूबाईनं त्याला हुकूम सोडला की आजींना गावापर्यंत सोडून ये. शिडी उतरवली, आणि आम्ही तिघं त्या गाडीवर, मध्ये साळुबाई, मागं मी. (गाडीवर बसायला मला लई आवडतं, हे दादाभाऊला सांगू नको. वारा कानात शिरला की गुडघा आपला आहे हेच विसरायला होतं.) गावाच्या अलीकडं एका टोमॅटोच्या फडाशी त्यानं गाडी थांबवली. मला वाटलं, पेट्रोल संपलं. तर म्हणाला, "आजी, ही बांधणी बघा." टोमॅटो बांबूंवर तारेनं ताणून बांधले होते, रोजचंच की ते. पण तार काळी आणि जाड. नीट बघितलं तर आपल्या लिंबावरून घरात येते तीच, केबलची.

"आई दोन हजार घरं सांगते ती दहा वर्षांपूर्वीची," तो म्हणाला. "आता एकशे ऐंशी उरलीत. बाकीच्यांनी डिशची छत्री घेतली न्हाईतर मोबाईल. काढलेली तार मी किलोवर विकतो, ती शेतकरी बांधणीला नेत्यात. वरच्या कंपनीला हप्ता ठरलेला, घरं कमी झाली तरी त्यो कमी होत न्हाई. नेटची तार टाकू म्हणत्यात, पण ती दुसऱ्यांनी आधीच टाकली. गाडीचं कर्ज बी हाय. लग्नानंतर कळण्यापरीस तुमाला आधी कळल्यालं बरं." स्थळ सांगेल त्याचं निम्मं धरावं एवढं मला कळत होतं, पण स्थळानं स्वतःच दहावा हिस्सा सांगितलेला मी सत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकला. तो बिचारा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय असं समजून हे सगळं बोलत होता, आणि मी आले होते सप्तकिरण बघायला. ते त्याला सांगायचा धीर मला झाला नाही.

घरी येऊन सुदर्शनला फोन लावला. म्हणाला, एका फाट्यावरून कंपनी कळत नसते आजी. का नाही कळत? शितावरून भाताची परीक्षा मुंबईच्या भाताला लागू नाही का? ज्या कंपनीची तार टोमॅटोला बांधायला जाते तिची काडी हिरवी कशानं होणार? त्यानं फोन ठेवून दिला. रुसलेला नातू मला सोसवत नाही, पण रुसू दे.

तेव्हा खंडू, माझं उत्तर नाही. एक रुपया घालू नको. सुदर्शननं तुझ्या नावाचा फॉर्म भरून ठेवलाय, आता तो फोनवर आलेले आकडे विचारेल, ते सांगू नको. टेकाडावर चढूच नको म्हणजे आकडे येणारच नाहीत. बँकेतून पैसे काढ आणि पत्रे आण, जाड बघून आण, आणि ह्या खेपेला खिळे न ठोकता हुक आणि नटबोल्ट लावून घे. द्रौपदाच्या डोक्यावर छप्पर येऊ दे, त्याच्याइतकं व्याज कुठलीच कंपनी देत नाही.

तुझी आक्का,
प्रयागबाई

ता. क. सखूबाई आणि तिची माणसं पुढच्या रविवारी वैष्णवीला बघायला येतायत. मी बोलावलं नाही, साळुबाईनं फाट्यावरच्या पिठाच्या गिरणीत कुणाला तरी सांगितलं की रविवारी या म्हणावं. वैष्णवी आधी माझ्यावर लई भडकली, की मला न विचारता फोटो कसा बघितला. मग रात्री भांडी घासताना म्हणाली, "खरंच एकशे ऐंशी म्हणाला?" मी हो म्हणलं. म्हणाली, येऊ दे, मीच विचारीन काय ते. पतसंस्थेत तिच्यापुढं येणारा प्रत्येक जण उत्पन्न फुगवून लिहितो, त्यामुळं तिला नवल वाटलं असावं. तू मोठा म्हणून ये, फेटा आण.

ता. क. दुसरा. वर मी सुदर्शनला जे जे विचारलं म्हणून लिहिलं, ते सगळं मी दिवाळीत विचारायला हवं होतं. दिवाळीत म्हैस विकली त्याचे साठ हजार सप्तकिरणमध्येच आहेत. तेव्हा त्यानं आजी आजी केलं आणि त्यानं अंगठा ठेवला तिथं मी सही केली, कंपनीचं नाव धड ऐकलंसुद्धा नाही. आज त्याचे तेहतीस हजार झालेत. सुदर्शनचेही त्यात अडकलेत, म्हणून तो तुझ्याकडं वळला. म्हणाला, खंडूआजाला हो म्हण, नवी माणसं आली की भाव जरा उचलतो, तेवढ्यात तुझे काढून देतो. तुझ्यापासून काय लपवायचं, बुधवारपर्यंत मी हो म्हणायचंच ठरवलं होतं. फाट्याला गेले ती मनाला टोचणी नको म्हणून, चांगलं काहीतरी दिसेल आणि तुला लिहिता येईल म्हणून. मग त्या पोरानं टोमॅटोपाशी गाडी थांबवली.

ता. क. तिसरा, आणि हा द्रौपदाला वाचून दाखवू नको. दादाभाऊ समजतो की म्हशीचे पैसे पतसंस्थेत आहेत. काल वैष्णवीच्या तोंडून निघालं की तिथं आजीचं खातंच नाही. त्यानं विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं की साठ हजार तुला पत्र्यांसाठी दिले. त्यानं विचारलं तर मिळाले म्हण, एवढी एकच विनंती, त्यासाठीच पत्र लिहायला बसले होते. मात्र तो त्या रविवारच्या आधी, बुधवारच्या गाडीनं तळेघरला बघायला येतोय. तेव्हा मंगळवारपर्यंत पत्रे चढवून घे.