कुंडातले जीव

आई, तुझं पाणी गाळणं आता मी कॉलेजात शिकवते. हसू नकोस. रामघाटावरच्या आपल्या स्वयंपाकघरात तू सोवळ्यात उभी आहेस, कळशीच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधून गंगेचं पाणी ओतते आहेस. एकदा मदत म्हणून मी ते फडकं मोरीत झटकलं आणि तू कडाडलीस, "अगं, जीव आहेत ते. नालीत मरतील ना. ज्या पाण्यातून आणले त्यातच सोडून ये." सगळ्या पायऱ्या उतरून मी गेले, मनातल्या मनात तुझ्यावर चिडत.

यंदा आमच्या कॉलेजामागचं जुनं कुंड बुजवायचं ठरलं. पाहणीला आलेले साहेब काठावरूनच म्हणाले, "मैडम, पानी मरा हुआ है." माझं टाळकंच सरकलं. पाण्यात जीव आहेत हे दाखवायचं होतं, पण विकतचं जाळं येईपर्यंत कुंडात मातीचे ट्रक रिकामे झाले असते. म्हणून मी आणि माझ्या विद्यार्थिनींनी जाड तार वाकवून कडं केलं, त्याला जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवली आणि बांबूला बांधलं. काठच्या गवतातून, तळाच्या गाळातून ते फिरवलं, प्रत्येक जागी सारखाच वेळ, नाहीतर तुलना कशी करणार? मग पांढऱ्या ताटात ओतून वाट बघत बसलो. आधी नुसता गाळ दिसला. हळूहळू गाळ चालू लागला. चतुराची पिल्लं, गोगलगायी, आणि सडक्या पाण्यात सहसा न तगणारे तीन शेपट्यांचे नाजूक किडे. मुली रंगाच्या ब्रशनं एकेक वेगळा करून मोजत होत्या. नमुने मारून जपून ठेवायला एकीनं स्पिरिटची बाटली पुढे केली, तेव्हा तिला मी तुझंच वाक्य ऐकवलं, नालीसकट. साहेबांना परत बोलावून त्यांच्या हाती भिंग दिलं. ते बराच वेळ ताटावर वाकून राहिले, मग बाजूला जाऊन त्यांनी फोन केला. भराव थांबला आहे. मुलींनी ताट उचललं आणि सगळे जीव कुंडात सोडले. मला फार अभिमान वाटला, त्यांचा, तुझा आणि माझाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तुझं तू समजून घे. तोंडावर कौतुक केलं की दृष्ट लागते म्हणून तू कधी शाबास म्हणाली नाहीस. त्या संध्याकाळी घराचा जिना चढताना, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, तुझा आवाज काढून मीच ते म्हणून घेतलं.