कविता घेतलीत का?

२ जानेवारी, सकाळ
संकल्प. संक्रांतीला आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाणार. तिथे माइकवर मी घोड्याची कविता म्हणणार. पहाडगंजच्या शाळेत चौथीत होती. उजळणीची गरज नाही. फक्त माझा मधुमेह कुणाला कळता कामा नये. मंडळात शुगरवाल्यांना मागची सीट, आणि माइक बंद. शब्द खरं तर किती गोड! मेह म्हणजे इथल्या हिंदीत पाऊस. मधाचा पाऊस!

५ जानेवारी
चंद्रप्रभेशी सांकेतिक भाषा ठरवली. इन्सुलिनला ‘कविता’ म्हणायचं. आज पाहुण्यांसमोर तिने विचारलं, कविता घेतलीत का? बिल्कुल शंका नाही कुणाला. आमच्या संसारात एवढं काव्य पूर्वी कधी नव्हतं.

८ जानेवारी
अनर्थ. मी बाल्कनीत उन्हाला. सेक्रेटरी कुसुमावतीबाईंचा फोन चंद्रप्रभेने घेतला. बळवंतरावांची कविता केवढी आहे, असं त्यांनी विचारलं. ही म्हणाली, सकाळी बारा युनिट, रात्री आठ, पोटात टोचून घेतात.
मला वाटतं, त्यांना काही कळलं नसावं.

९ जानेवारी
कळलं. माइक मंडळातल्या सुधन्वाला. तो मोबाइलमध्ये बघून म्हणणार! मीटिंगमध्ये माझा फिका, बिनसाखरेचा चहा नाव पुकारून वेगळा आणला. दामूअण्णांनी खुर्ची सरकवली. जणू गोडवा उडून अंगावर बसतो.

११ जानेवारी
मंडळात उभा राहून बोललो. म्हटलं, साखर रक्तात आहे, जिभेवर नाही. ऑफिसातही ह्याच शुगरपायी माझे टूर बंद केले होते, तेव्हा गप्प बसलो. आता नाही.
कुसुमावतीबाई म्हणाल्या, “चलो, एक चान्स. पण तुम्हाला काही झालं, तर पुढे एकाही शुगरवाल्याला माइक नाही.”
मागच्या रांगेतल्या तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांचा पुढारी झालोय बहुधा.

१३ जानेवारी
चंद्रप्रभा म्हणते, एकदा म्हणून तर दाखवा. म्हटलं, ती रक्तातच आहे. तर म्हणते, तुमच्या रक्तात काय आहे ते मला माहितीये.

१४ जानेवारी, परतीच्या बसमध्ये
पहिली ओळ दणदणीत. मग घोडा थांबला. दुसरी ओळ सापडेना.
शुगर लो झाली, लो झाली, म्हणत सुधन्वाने तोंडात तिळगूळ कोंबला. कुसुमावतीबाईंनी आणखी दोन. मला बोलता येईना. माझ्या तिघांनी माना खाली घातल्या.
गर्दीतून चंद्रप्रभा ओरडली, “अहो, सकाळी कविता घेतली होती ना?”
तिळगूळ कसाबसा गिळला. माइक चालूच होता.
“घेतली होती. पाठ नव्हती.”