पाळीची टोपली

८ जुलै २०२४
ठरवून टाकलं! सिव्हिल इंजिनिअरिंग चालू ठेवायचं अन् सोबत इतिहासाची बी.ए. आता दोन डिग्र्या एकाच वेळी करता येतात. फॉर्म ३१ पर्यंत. भूपेशदादा हसला — "एक झेपून नाही राहिली, दुसरी कायले?" बाबा जाळं सांधत बसले.

११ जुलै
कॉलेजात सरांना विचारलं. "दोन डगरींवर हात ठेवू नकोस, रंजू." सगळा वर्ग हसला. मीही हसले, मूर्खासारखी.

१४ जुलै
आज टोपलीचा दिवस. तलावात माशांचं बीज सोडायच्या आधी आम्हा ढिवरांच्या दर घरानं टोपलीभर चिकणमाती पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, टाकायची. तीही जुन्या जांभळाजवळच! "पाळीची ओटी भरतो," आई म्हणते.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मागच्या साली पाळीले दगडं लावले ना? आता माती कायले? नुसता चिखल!" शेजारच्या म्हाताऱ्या शकुनबाईनं डोक्यावरची टोपली तिथंच वाटेत रिकामी केली. "इंजिनेर पोरगी म्हणते तं खरंच असन." सगळे परतले. मला काय भारी वाटलं! बाबा तेवढे मागं राहिले.

१९ जुलै
बाबांच्या खांद्यावर चिखल. "घसरलो," म्हणाले. सकाळी सकाळी कुठं घसरतात हे?

२० जुलै
फॉर्म अर्धा भरला. सरांचे शब्द आठवले, ठेवून दिला. पाऊस थांबायचं नाव नाही.

२३ जुलै
इतिहास खरंच जमतो का बघू म्हणून शकुनबाईकडे वही घेऊन बसले. टोपली काहून टाकतात, विचारलं. "माह्या सासऱ्याच्या वक्ताले पाळ तिथंच फुटली होती. दोन बैल गेले वाहून. मंग हातानं भरली. भरलेली जागा बसत जाते, बाई. दरसाल माती द्याच लागते."

भरलेली जागा बसत जाते. हे तर माझ्या पुस्तकात आहे! चौथ्या धड्यात. परीक्षेसाठी पेन्सिलीनं खूण केलेली. म्हणजे ती ओटी नव्हती, डागडुजी होती. आणि ती मी बंद पाडली.

२५ जुलै
जांभळाजवळ जाऊन आले. दगडांच्या खालून पाणी झिरपून राहिलं. निवळ असतं तर इतकी भ्याले नसते. गढूळ आहे — म्हणजे आतली माती जाऊन राहिली. सरांना फोन केला. "पाटबंधारे खात्याला अर्ज लिहून आण, सोमवारी बघू." सोमवारी!

घरोघर फिरले, चूक कबूल केली. कोणी बोल लावला नाही, त्याचंच रडू आलं. उद्या उजाडताच सगळे टोपल्या घेऊन निघणार. दोन्ही शिकणार मी. आता कोणाला विचारायचं नाही. फॉर्म उद्या.

२७ जुलै
काल आम्ही निघायच्या आधीच पाळ फुटली. जांभळासकट.

आई आत्ता सांगते — चौदा तारखेपासून बाबा रोज पहाटे एकटेच टोपली नेत होते. "पोरीचा शब्द खाली पडू नये, कोणाले सांगू नको म्हणे."

टोपली सापडली. बाबा नाही.